मालेगाव लोकसभा मतदारसंघ गेला कुठे?

तुमचे आजोबा कळवणचे. ते म्हणतात, "आम्ही मालेगावच्या खासदाराला मत द्यायचो." तुम्ही कळवणमध्येच मत देता, पण ते दिंडोरीच्या खासदारासाठी. मग मालेगाव गेले कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. त्यावर या चर्चेत एकांनी लिहिले आहे की मालेगाव हा काँग्रेसचा बालेकिल्ला होता आणि भाजपने तो फोडला. आजोबांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. बालेकिल्ल्याचे मात्र अर्धेच खरे.

आधी थोडे मागे जाऊ. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या वातावरणात, मालेगावातून प्रजा समाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव निवडून आले. त्याच वर्षी नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. १९६२ ला मालेगाव काँग्रेसकडे आले. नाशिकची चर्चा निघाली की १९६३ ची यशवंतराव चव्हाणांची बिनविरोध निवड सगळ्यांना आठवते. शेजारच्या मालेगावचे कुणी नावही काढत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६७ पासून ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. पुढचा सगळा इतिहास त्यातूनच घडला. मतदारसंघाला नाव यंत्रमागांच्या शहराचे, पण उमेदवार सुरगाणा-कळवण-दिंडोरीच्या आदिवासी पट्ट्यातला. मालेगाव शहरातल्या नेत्यांना, किंवा दाभाडी भागातल्या वजनदार हिरे घराण्याला, लोकसभेसाठी इथून स्वतः उभे राहता येत नव्हते. निकाल फिरवण्याइतकी मते मात्र त्यांच्या हातात होती. त्यातून अंतरही पाहा. सुरगाण्याच्या माणसाचे सरकारी काम निघाले तर तो नाशिकची एसटी पकडतो, मालेगावला जायचे त्याला कारणच पडत नाही. एका टोकाला कोकणा बोली, मध्ये अहिराणी आणि दुसऱ्या टोकाला उर्दू, असा हा लांबलचक मतदारसंघ होता.

काँग्रेसचे झामरू मंगळू कहांडोळे इथून पाच वेळा निवडून आले: १९६७, १९७१, १९८०, १९९१ आणि १९९८. त्यांच्यासमोर समाजवादी परंपरेतले हरिभाऊ शंकर महाले उभे ठाकले आणि तीनदा जिंकले: १९७७ ला जनता लाटेत, १९८९ ला जनता दलाकडून, १९९९ ला जनता दल (सेक्युलर) कडून. १९८४ ला काँग्रेसचे सीताराम सयाजी भोये आले. १९९६ ला भाजपचे कचरू भाऊ राऊत आणि २००४ ला भाजपचेच हरिश्चंद्र चव्हाण. म्हणजे राखीव झाल्यापासूनच्या अकरा निवडणुकांत काँग्रेस सहा वेळा. पण १९८९ ते २००४ या सहा निवडणुका ओळीने लावून बघा: जनता दल, काँग्रेस, भाजप, काँग्रेस, जनता दल (से.), भाजप. लागोपाठ दोनदा कुणालाच जागा राखता आली नाही. याला बालेकिल्ला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यातला सगळ्यात मजेशीर निकाल १९९९ चा. त्या निवडणुकीत जनता दल (सेक्युलर) चा देशभरात एकच खासदार निवडून आला, आणि तो कर्नाटकातला नव्हता, तर आपल्या मालेगावचा. खुद्द पक्षाचे नेते देवेगौडा त्या वेळी हासनमध्ये पडले होते! इथे ते कसे जमले? जूनमध्येच राष्ट्रवादी वेगळी झाली होती, त्यामुळे काँग्रेसचे घर फुटलेले. दुसरीकडे मालेगाव शहरात साथी निहाल अहमद यांनी समाजवाद्यांची जुनी फळी वर्षानुवर्षे टिकवून ठेवली होती. गंमत म्हणजे त्याच वेळी झालेल्या विधानसभेला निहालभाई स्वतः हरले. माझे मत असे की महालेंचा विजय नेहमीच बेरजेचा होता. शहरातले समाजवादी, डोंगरातला काँग्रेसविरोध आणि गिरणाकाठचा नाराज शेतकरी एकत्र आले की ते निवडून यायचे. त्यातला एक जरी सुटला की कहांडोळे परत. सुरगाण्यात मार्क्सवादी पक्षाच्या जे. पी. गावितांची स्वतंत्र ताकद होतीच, त्यामुळे ही बेरीज कधीच सोपी नव्हती.

आता गेले कुठे ते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची फेररचना २००८ मध्ये लागू झाली आणि मालेगाव हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले. कळवण आणि त्यात मिसळलेला सुरगाणा तालुका नव्या दिंडोरी मतदारसंघात आला. सोबत चांदवड, निफाड, येवला, नांदगाव आणि दिंडोरी. ही जागा राखीवच राहिली. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य (म्हणजे ढोबळमानाने जुने दाभाडी) आणि बागलाण धुळ्याला जोडले गेले. धुळे तोवर राखीव होते, ते खुले झाले. म्हणजे नाव गमावल्यावरच मालेगावच्या बिगर-आदिवासी लोकांना आपल्याच मतदारसंघातून लोकसभेला उभे राहायची मुभा मिळाली. २००९ ला धुळ्यातून निहाल अहमद उभेही राहिले, पण निवडून आले ते भाजपचे प्रताप सोनवणे, बागलाणचे.

शहराच्या मतांचे वजन मात्र नवीन ठिकाणीही तसेच आहे. २०२४ ला धुळ्यातून नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव फक्त ३,८३१ मतांनी जिंकल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे होत्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना जवळपास एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी दिली. दिंडोरीकडे डावी मतेही तशीच टिकली: २००९ आणि २०१९ ला गावितांनी लाखावर मते घेतली, जिंकले मात्र भाजपवाले.

तुम्हाला जुने आकडे काढायचे असतील तर निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत २००४ पर्यंत "मालेगाव" शोधा, २००९ पासून "दिंडोरी" आणि "धुळे" दोन्ही. हरिश्चंद्र चव्हाण सलग तीनदा खासदार झाले, पण त्यातली पहिली खेप मालेगावची, पुढच्या दोन दिंडोरीच्या. ती पहिली दिंडोरीच्या खात्यात धरू नका. आणि आजोबांना विचारा, १९९९ ला कळवणमध्ये महालेंचा प्रचार नेमका कोण करत होते. ते अहवालात सापडत नाही. मिळाले तर इथे जरूर लिहा.