युक्रेनमधलं खेडं आतून कसं असतं? युद्धात तिथली माणसं आणि शेती कशी तग धरून आहे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बातम्यांत रणगाडे दिसतात, पडलेल्या इमारती दिसतात, पण गावातला माणूस सकाळी उठून करतो काय ते कुठे कळत नाही. खरं आहे. मी २०१४ ते २०२० कीवमध्ये मेडिकलला होतो. वसतिगृहातल्या एका युक्रेनी मित्राची आजी चेर्निहिव प्रांतातल्या खेड्यात राहते. विमानाचं तिकीट परवडायचं नाही, म्हणून सुट्टीत लातूरला येण्याऐवजी मी बऱ्याचदा तिच्याकडे जायचो. त्यामुळे हे उत्तर अख्ख्या युक्रेनचं नाही, चेर्निहिवच्या आसपासचं आहे. आजीच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण त्याच भागातलं एक गाव जगाला ठाऊक झालंय, याहिद्ने. त्याच्याबद्दल लिहितो.

आधी एक गंमत. तिकडे आजीला ‘बाबा’ म्हणतात. मित्र पहिल्यांदा म्हणाला, “बाबांनी तुला जेवायला बोलावलंय,” तेव्हा मी त्याच्या वडिलांसाठी भेट घेऊन गेलो होतो. दारात ऐंशीकडे झुकलेली, डोक्याला रुमाल बांधलेली बाई उभी. पुढे सहा वर्षं मीही तिला बाबाच म्हणालो.

कीवहून मार्शरुत्का पकडायची. मार्शरुत्का म्हणजे आपलं वडापच, फक्त टपावर माणसं नसतात. लातूरच्या काळ्या रानात वाढलेला मी, ‘युक्रेन म्हणजे काळी जमीन’ एवढंच पुस्तकात वाचलेलं. पण चेर्निहिवचा उत्तर भाग पोलिस्यात मोडतो. जमीन रेताड, पाइनची जंगलं, मध्येच दलदल. काळी माती प्रांताच्या दक्षिणेला. या रेताडात बटाटा चांगला येतो, राय हे गव्हासारखं धान्य येतं, आणि रानात अळंबी आणि बोरा-करवंदांसारखी रानफळं. अशा फळाला युक्रेनीत ‘याहोदा’ म्हणतात. याहिद्ने हे नाव त्यातूनच आलेलं.

घराची रचना ठरलेली. रस्त्याकडेला कुंपण, कुंपणाबाहेर बाक. या बाकावर संध्याकाळी बायका बसतात आणि गावात कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवतात. आपल्याकडचा पार समजा. घरामागे ‘होरोद’, म्हणजे भाजीपाल्याचा लांबट तुकडा. आणि अंगणात मातीचा एक उंचवटा, त्याला लाकडी दार. दार उघडलं की पायऱ्या खाली जातात. हा ‘पोहरिब’. आपल्याकडे धान्याचं पेव असायचं ना, त्याचा हा थंड प्रदेशातला भाऊ. बाहेर उणे वीस असो की अधिक तीस, आत गारवा तेवढाच. बटाट्यांचा ढीग, वाळूत पुरलेली गाजरं, बीट, पिंपातली आंबवलेली कोबी आणि फळ्यांवर तीन-तीन लिटरच्या बरण्या: काकडी, टोमॅटो, मुरंबे. बाबा एका शाळेच्या वहीत बरण्यांचा हिशोब ठेवायची. एकटी बाई, मुलं शहरात, आणि बरण्या दीडशेच्या वर! मी एकदा हसलो. मित्रानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “यावर हसू नकोस. तिची आई तेहतीस सालातून वाचलेली आहे.”

हे तेहतीस साल कळल्याशिवाय तिथलं खेडं कळत नाही. १८६१ मध्ये भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी पद्धत, गेली, शेतकऱ्याला थोडीफार जमीन मिळाली. १९२९ पासून सोव्हिएत सरकारनं ती काढून सामूहिक शेतीत, कोल्होस्पमध्ये घातली. ज्यांनी विरोध केला त्यांना ‘कुलाक’, म्हणजे धनदांडगा शेतकरी, ठरवून सैबेरियाकडे पाठवलं. मग धान्यवसुलीचे आकडे एवढे वाढवले की घरातलं बी-बियाणंही उचलून नेलं. ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानं सामूहिक शेतातली चार कणसं उचलणंही गंभीर गुन्हा ठरलं. वसुली न भरणाऱ्या गावांची नावं ‘काळ्या फळ्यावर’ लागायची; अशा गावात मीठ, काडेपेटी, रॉकेल काहीच येऊ द्यायचे नाहीत. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये ३५ ते ४० लाख माणसं उपाशी मेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. याला होलोदोमोर म्हणतात, भुकेनं मारणं. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की आभाळाकडे बघतात. तिथं तसं नाही. धान्य पिकलं होतं, ते नेलं गेलं. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी लोक खिडकीत मेणबत्ती लावतात.

त्यानंतर महायुद्ध. याच प्रांतात कोर्युकिव्का नावाचं गाव आहे. १ आणि २ मार्च १९४३ ला नाझी आणि त्यांच्या साथीदारांनी पार्टिझानांच्या, म्हणजे जंगलातून लढणाऱ्या गनिमांच्या, हल्ल्याचा सूड म्हणून तिथं सुमारे ६,७०० माणसं मारली आणि गाव जाळलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे मार्च पुन्हा येणार आहे.

युद्धानंतरही कोल्होस्पच. बाबा तरुणपणी ‘काड्यांवर’ काम करायची. म्हणजे दिवसभर राबलं की हजेरीच्या वहीत एक रेघ, आणि वर्षाअखेर रेघांच्या हिशोबानं थोडं धान्य. पैसा जवळजवळ नाहीच. कोल्होस्पच्या शेतकऱ्याला अंतर्गत पासपोर्टचा हक्कसुद्धा १९७४ च्या निर्णयानंतर मिळाला. त्याआधी गाव सोडून शहरात जायचं तर परवानगी लागायची. म्हणून घरामागचा तो होरोदच माणसाचा स्वतःचा. पोट त्याच्यावर चालायचं, आणि तिथून आलेलं सगळं पोहरिबमध्ये जायचं.

१९९१ ला देश स्वतंत्र झाला, कोल्होस्प मोडले आणि जमिनीचे वाटे पडले. या वाट्याला ‘पाय’ म्हणतात (आपला पाय नव्हे). जवळपास ७० लाख लोकांना मिळाले, देशभराची सरासरी चार हेक्टरच्या आसपास. आपल्या शेतकऱ्याला हे भाग्याचं वाटेल, पण गंमत अशी की सुरुवातीला हातात फक्त प्रमाणपत्र. सातबारा आहे, पण त्या पाचशे एकराच्या सलग पट्ट्यात आपलं रान कुठलं ते माहीत नाही! शिवाय २००१ पासून विक्रीला बंदी. ट्रॅक्टर नाही, भांडवल नाही, मुलं शहरात. मग म्हातारी माणसं करणार काय? एखाद्या मोठ्या शेती कंपनीला खंडानं दिली. खंडही बरेचदा वस्तूत: काही पोती गहू, साखर, सूर्यफुलाचं तेल. बाबाच्या कोंबड्या त्याच गव्हावर पोसलेल्या.

म्हणजे गावात दोन शेत्या शेजारीशेजारी चालतात. एक हजारो हेक्टरची, उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रांची, जिचं तेल आणि मका बंदरातून जगभर जातो. युद्धाआधी भारताला सूर्यफुलाचं तेल सर्वात जास्त तिथूनच यायचं. मार्च २०२२ ला तुमच्या किराणा दुकानात भाव चढले त्याचं कारण हे. आणि दुसरी शेती बाबांची, कुदळीची. देशातला बहुतांश बटाटा मोठ्या कंपन्या नाही, ही घरामागची वावरं पिकवतात. जूनमध्ये आम्ही डबा घेऊन बटाट्याच्या पानांवरचे पट्टेदार कोलोराडो भुंगेरे हातानं वेचायचो. २०१४ नंतर रशियाच्या बाजूच्या लोकांना हेटाळणीनं ‘कोलोराडो’ म्हणायला लागले, कारण ते छातीवर लावायचे त्या काळ्या-नारंगी फितीचे पट्टे तसेच दिसतात. खेड्याचा विनोद असा शेतातून येतो.

जमिनीची खरेदी-विक्री शेवटी १ जुलै २०२१ ला खुली झाली. सुरुवातीला व्यक्तीला १०० हेक्टरची मर्यादा होती, परदेशी माणसाला मनाई. गावकारभारही बदलला होता. लहान गावं एकत्र करून ‘ह्रोमादा’ केल्या, म्हणजे आपली गट ग्रामपंचायत, पण खिसा बराच जड, कारण आयकराचा मोठा हिस्सा तिथंच राहायचा. प्रत्येक गावाला एक ‘स्तारोस्ता’. काम थोडं सरपंचाचं, थोडं जुन्या पाटलाचं. मित्र फोनवर सांगायचा की रस्त्यावर दिवे आले, दवाखाना रंगवला. आठ महिने झाले नाहीत तोच २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला.

चेर्निहिव प्रांत बेलारुस आणि रशिया दोघांना लागून. कीवकडे जाणाऱ्या फौजा इथूनच उतरल्या. याहिद्ने चेर्निहिव शहराच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर, कीवच्या महामार्गालगत. बॉम्ब पडायला लागले तसे लोक आपापल्या पोहरिबमध्ये उतरले, बटाट्यांशेजारी. ३ मार्चला रशियन सैनिक गावात शिरले. त्यांनी घराघरातून, तळघरातून माणसं बाहेर काढली आणि शाळेच्या तळघरात कोंडली. वर शाळेत त्यांचा तळ, खाली गाव. मानवी ढाल म्हणतात ती हीच.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे ३६० माणसं, त्यात ७४ मुलं, २८ दिवस. सगळ्यात लहान बाळ दीड महिन्याचं. जागा दोनशे चौरस मीटरपेक्षाही कमी, म्हणजे माणशी अर्धा चौरस मीटर. आडवं होता यायचं नाही, लोक बसून झोपायचे. हवा पुरायची नाही. मी डॉक्टर आहे, बंद खोलीत एवढी माणसं म्हणजे म्हाताऱ्या हृदयाचं काय होतं ते मला पुस्तकात बघावं लागत नाही: आधी गोंधळ, बरळणं, मग झोप, मग काही नाही. दहा वृद्ध तिथंच गेले. मृतदेह लगेच बाहेर नेऊ द्यायचे नाहीत. तोवर जिवंत आणि मेलेले एकाच खोलीत. कुणीतरी दाराजवळच्या भिंतीवर दिवसांची दिनदर्शिका काढली, बाजूला गेलेल्यांची नावं. मुलांनी भिंतींवर चित्रं काढली. ३० मार्चला फौज निघून गेली. दिनदर्शिकेच्या शेवटी लिहिलंय, ‘आपले आले’.

एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी जर्मनीचे तेव्हाचे उपचान्सलर हाबेक यांना ते तळघर दाखवायला नेलं होतं. आता त्याचं स्मारक होतंय. माझ्या मते पाहुण्यांना दाखवायला ते ठीक आहे. गावातल्या काही जणांना मात्र त्या इमारतीकडे बघवत नाही, असं मित्र सांगतो, आणि त्यांचंही बरोबर आहे.

बाबाच्या गावात सैन्य थांबलं नाही, फक्त गेलं आणि आलं. तीन आठवडे फोन बंद. मित्र कीवमध्ये, मी लातूरमध्ये, दोघंही एकमेकांना ‘काही कळलं का’ एवढंच विचारत होतो. ती पोहरिबमध्ये होती, शेजारच्या दोन कुटुंबांसह. बरण्या पुरल्या. नंतर फोन लागला तेव्हा तिनं पहिल्यांदा तोच हिशोब दिला: किती उरल्या.

त्या वसंतात सगळ्यात मोठी अडचण बटाटे लावायची होती. मे महिना आला, पण बागेत न फुटलेले गोळे, शेतात सुरुंग. सुरुंग काढणारी पथकं येईपर्यंत थांबा म्हणून सांगायचे. अनेकजण थांबले नाहीत. ट्रॅक्टर सुरुंगावर जाऊन माणसं गेल्याच्या बातम्या पुढेही येत राहिल्या. पूर्वेला खार्किवकडे एका शेतकऱ्यानं पडलेल्या रशियन रणगाड्यांचं चिलखत ट्रॅक्टरला बसवून तो दूरनियंत्रणावर शेतात फिरवला. पुरुष सैन्यात गेल्यानं ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची टंचाई आहे; बायका आता रीतसर शिकून चालवतायत.

आणि एक गोष्ट आपल्या माणसाला लगेच कळेल. आपल्याकडे इर्जिक असायचं, सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं आणि मग जेवण. तिथं त्याला ‘तोलोका’ म्हणतात. जुलै २०२२ मध्ये कीवची दोनेकशे तरुण पोरं-पोरी याहिद्नेत आली. गावचं सांस्कृतिक भवन पडलेलं. त्यांनी तिथंच डीजे लावला आणि टेक्नोच्या ठेक्यावर फावड्यानं राडारोडा उपसला. मला आधी हे विचित्र वाटलं, मग आठवलं की आपलीही कामं भलरी गातच व्हायची.

रोजचं म्हणाल तर: सकाळी नऊला देशभर एक मिनिट शांतता. शहीद झालेल्याची गाडी आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकतात. पाचशे उंबऱ्यांच्या गावात तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. बायका शाळेत किंवा वाचनालयात बसून शत्रूला सैन्य दिसू नये म्हणून टाकायच्या जाळ्या विणतात, रिकाम्या डब्यांत पुठ्ठा आणि मेण घालून खंदकातल्या सैनिकांसाठी मेणबत्त्या करतात, वाळवलेल्या बोर्शची, म्हणजे बीटच्या सूपची, पाकिटं भरतात. वीज गेली की शहरातले अडतात. खेड्यात लाकडाची भट्टी आणि विहीर अजून आहे, म्हणून नातवंडं हिवाळ्यात उलटी गावाकडे येतात. सीमेलगतच्या गावांत मात्र गोळे आणि ड्रोन पडतच राहिले आहेत, ती रिकामी होत चालली आहेत.

गेल्या शरदात बाबानं व्हिडिओ कॉलवर पोहरिब दाखवला. डावीकडे बटाटे, वर बरण्या. उजवीकडे बाक, त्यावर गादी, दोन रजया आणि खिळ्याला टांगलेला कंदील. मी म्हटलं, “बाबा, गादी काढली नाही अजून? ओलसरपणा लागेल.” ती म्हणाली, आठवड्यातून एकदा वर आणून उन्हात टाकते. मग मला विचारलं, तुमच्याकडे या वर्षी बटाटा कसा झाला. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. चांगला झाला म्हणून सांगितलं.