जीवाश्म माशाचा कणा वाकडा दिसतोय, म्हणजे तो मासा आजारी होता का?

तुम्ही बेलापूरहून दोन गोष्टी विचारल्यात: प्रदर्शनात घेतलेल्या पाटीवरच्या नाइटिया या जीवाश्म माशाचा कणा मध्येच वाकलाय तो रोगामुळे का, आणि पारसिकच्या डोंगरात असे मासे मिळतील का.

कण्याचं आधी. बहुधा रोग नसावा. नाइटिया म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर थरांतला, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचा मासा. मेल्यावर कुजताना अंग वाकतं, वरच्या गाळाच्या भाराने मणके सरकतात. चांगलं भिंग घ्या. मोडलेल्या कडा धारदार असतील आणि चीर पुढे दगडातही गेली असेल, तर मोड मेल्यानंतरचा. कडा गुळगुळीत असतील, मोडाभोवती हाडाची गाठ असेल किंवा शेजारचे दोन मणके एकजीव झाले असतील, तर बिघाड जिवंतपणीचा. मेलेलं हाड भरून येत नाही, म्हणून मी भरलेल्या हाडाशिवाय कशालाच जखम म्हणत नाही. (अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही मारून बघा. विक्रीच्या पाट्यांवर डिंक-रंगाने डागडुजी केलेली असते, ती वेगळी चमकते.)

असे भरलेले घाव खरोखर सापडलेत. डेव्होनियन काळातल्या (साधारण 40 कोटी वर्षांपूर्वीच्या) सॅमोस्टिड या बिनजबड्याच्या चिलखती माशांच्या कवचाला इजा झाली तिथे नवं डेंटिन (दातांत असतो तो कठीण पदार्थ) चढलेलं दिसतं. म्हणजे घाव सोसून मासा पुढे जगला.

फुगलेल्या हाडाने मात्र भलेभले फसतात. दिवाळे गावच्या मासळी बाजारातून मोठी वाकटी आणलीत तर काटे टाकण्याआधी नीट बघा. डोक्यामागे, पाठीच्या परांच्या मुळाशी वाटाण्यासारखी टणक हाडं हाताला लागू शकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ट्यूमरच वाटेल. पण त्या जातीच्या मोठ्या माशांत ती ठराविक जागीच वाढतात आणि मासा ठणठणीत असतो. याला हायपरऑस्टोसिस म्हणतात. ही हाडं भरीव असल्याने जीवाश्मांतही चांगली टिकतात. तेव्हा एकाच नमुन्यावरून रोगाचं नाव घेऊ नये. त्याच जातीचे आणखी नमुने शेजारी ठेवून बघावेत.

कल्ल्यांचा संसर्ग, पाण्यातला प्राणवायू संपणं, असलं झटपट मारणारं काही हाडावर उमटतच नाही. घास अडकून मेलेले मासे तेवढे दिसतात. जर्मनीतल्या झोल्नहोफनच्या थरांतले थार्सिस मासे तोंडा-कल्ल्यांत बेलेम्नाइट (माकूळसारखा, आता नामशेष झालेला प्राणी) अडकून मेले, यावर 2025 मध्ये शोधनिबंध आलाय. कॅन्ससमध्ये 1952 साली मिळालेल्या झिफॅक्टिनस या मोठ्या शिकारी माशाच्या पोटात तर जवळजवळ 2 मीटरचा अख्खा मासा आहे. गिळल्यावर लगेचच झिफॅक्टिनस मेला असणार, कारण आतला मासा पचलेलाच नाही.

पारसिकमध्ये शोधू नका, तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट आहे, गाळाचा खडक नाही. महाराष्ट्रात माशांचे जीवाश्म मिळालेत ते चंद्रपूरकडे, डोंगरगावच्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत. आणि तुमच्या पाटीचा फोटो टाकाल तर उजेड बाजूने तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की हाडाचा उंचवटा दिसत नाही.