वाहन-सल्ला : हवा-इंधन मीटर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. कार्ब्युरेटर मूळचाच असून इंजिनाचे काम अलीकडेच करून घेतले आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्यापासून गाडी घाटात पूर्वीसारखी ओढत नाही आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला की झटके देते. मिश्रण नीट लावण्यासाठी हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारा मीटर बसवावा असे मनात आहे. परंतु बाजारात रंगीत दिव्यांचे स्वस्त मीटरही आहेत आणि कितीतरी महाग असे ‘वाइडबँड’ही आहेत. कोणता घ्यावा आणि सेन्सर कुठे बसवावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कामासाठी वाइडबँडच घ्यावा, आणि आज तेवढा खर्च शक्य नसेल तर दिव्यांचा मीटर घेण्यापेक्षा काही महिने थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांच्या मीटरसोबत येणारा सेन्सर नॅरोबँड प्रकारचा असतो. त्यातील झिर्कोनिया सिरॅमिकची एक बाजू धुरात आणि दुसरी बाहेरच्या हवेत असते, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार त्यावर व्होल्टेज तयार होते. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त असेल तर ते सुमारे ०.९ व्होल्ट असते. लीन, म्हणजे इंधन कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, आणि यांमधला जवळजवळ सगळा बदल संतुलित मिश्रणापाशी, म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा असते तिथे, एका उडीत होतो. बॉश कंपनीने १९७६ साली हा सेन्सर आणला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम बसला, तेव्हा त्याचे काम धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे संतुलित मिश्रणाचा धूर जात राहील हे पाहण्याचे होते. त्यासाठी मिश्रण त्या बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे कळले तरी पुरते. आपल्याला मात्र पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिश्रण बारास एक (वजनाने बारा भाग हवेला एक भाग इंधन) आहे की साडेतेरास एक, हे समजायला हवे, आणि त्या टप्प्यात नॅरोबँडचे व्होल्टेज फारसे बदलत नाही. जे बदलते त्यात धुराच्या तापमानाचाही वाटा असतो.

वाइडबँड सेन्सरमध्ये धूर एका सूक्ष्म पोकळीत शिरतो, कंट्रोलर तेथील ऑक्सिजन विद्युतप्रवाहाच्या साह्याने आत किंवा बाहेर ढकलून पोकळीतील वायू संतुलित ठेवतो, आणि त्यासाठी किती प्रवाह लागला यावरून गुणोत्तर ठरते. म्हणून सेन्सर आणि कंट्रोलर ही जोडी जुळणारी असावी लागते. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर वापरणारा मीटर निवडावा. आधीचा एलएसयू ४.२ तुलनेसाठी बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो आणि इंजिनाभोवतीच्या तेलकट वाफांनी ती हवा दूषित झाली की त्याचे माप सरकते, ४.९ मध्ये हे अवलंबित्व राहिलेले नाही. एईएम कंपनीची एक्स-सिरीज आणि इनोव्हेट कंपनीचा एमटीएक्स-एल प्लस हे दोन्ही मीटर ४.९ वरच चालतात, त्यामुळे अशा मीटरांत निवड करताना तबकडीच्या रूपापेक्षा बदली सेन्सर सहज मिळतो का, हे आधी विचारावे, कारण सेन्सर ही झिजणारी वस्तू आहे. सेन्सरच्या कनेक्टरमध्येच त्या विशिष्ट नगाच्या मोजमापाचा रेझिस्टर असतो, तेव्हा वायर लांब करण्यासाठी कनेक्टर कापू देऊ नये.

मीटरवर आकडे लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तराला संतुलित गुणोत्तराने भागून, दिसण्याची सोय असावी, हा माझा दुसरा आग्रह आहे आणि आपल्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. शुद्ध पेट्रोलचे संतुलित गुणोत्तर १४.७ आहे, इथेनॉलचे सुमारे ९, आणि वीस टक्के मिश्रणाचे सुमारे १३.५. सेन्सरला यातले काहीच माहीत नसते. मीटर फक्त लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. म्हणजे नव्या पेट्रोलवरही संतुलित मिश्रणाला मीटर १४.७ च म्हणेल, आणि ‘आता १३.५ हवे’ असे समजून कोणी जेट (कार्ब्युरेटरमधील इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्राचा भाग) बदलले तर मिश्रण विनाकारण रिच होईल. लॅम्डामध्ये संतुलन म्हणजे १, मग इंधन कोणतेही असो. आपल्या गाडीत कन्व्हर्टर नसल्याने आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना) ०.९० ते ०.९५, सपाट रस्त्यावर एका चालीत १ च्या आसपास आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर ०.८५ ते ०.९० ही लक्ष्ये धरावीत.

आपल्या तक्रारीचे मूळही बहुधा याच आकड्यांत आहे. जुन्या पेट्रोलसाठी लावलेला कार्ब्युरेटर नव्या पेट्रोलवर ढोबळ मानाने सात-आठ टक्के लीन चालतो, कारण इंधन जवळजवळ तेवढेच जाते पण त्याला हवा कमी लागते. पूर्वी चढावर ०.८७ असलेले मिश्रण अशाने ०.९४ च्या जवळ जाते. सोलेक्स धर्तीच्या जेटवरील क्रमांक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो आणि इंधन छिद्राच्या क्षेत्रफळानुसार वाहते; त्यामुळे समजा १२० चे मेन जेट असेल, तर १२५ चे बसवल्याने क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. साधारण एवढाच बदल लागण्याची शक्यता आहे, पण तो मीटरवर पाहूनच करावा. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावरचे झटके मात्र वेगळ्या कारणानेही येऊ शकतात. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि इंधनाच्या नळ्या आधी तपासून घ्याव्यात.

सेन्सर चारही सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या जागेच्या पुढे, पण सायलेन्सरच्या बऱ्याच आधी बसवावा. पाइपला छिद्र पाडून १८ मिलिमीटर व्यासाच्या, दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांची बैठक वेल्ड करावी लागते. सेन्सरचे टोक खाली आणि वायर वर राहील असा तो आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश तिरपा हवा, कारण थंड पाइपमध्ये साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडले तर ते तडकते. त्याच कारणाने इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू ठेवणे टाळावे. उलट, मीटर बंद करून सेन्सर पाइपमध्येच ठेवून गाडी फिरवणेही वाईट, कारण हीटर बंद असताना त्यावर काजळी धरते. हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपियर ओढतो. गाडीवर डायनॅमो असेल तर चार्जिंग तपासून घ्यावे.

एक गोष्ट मेकॅनिकलाही आवर्जून सांगावी. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन धुरात येतो आणि भरपूर पेट्रोल वाया जात असतानाही मीटर ‘लीन’ म्हणतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असेल तरीही तसेच होते, विशेषतः आयडलला. म्हणून प्लग, पॉइंट, टायमिंग आणि धुराची गळती यांचा निकाल लागल्याशिवाय जेटला हात लावू नये.

प्रश्न : माझ्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) अल्टोला मूळ ऑक्सिजन सेन्सर आहेच. त्याच्याच वायरला मीटर जोडता येईल का? सेन्सर बदलायचा झाल्यास कोणता घ्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जोडू नये. तो सेन्सर नॅरोबँड आहे आणि इंजिनाचा संगणक मिश्रण मुद्दाम रिच-लीन असे सतत झुलवत असतो, त्यामुळे मीटरवर दिवे नाचताना दिसतील, अर्थ मात्र काही निघणार नाही. शिवाय निकृष्ट मीटरमुळे संगणकाला मिळणारा संदेशच बिघडू शकतो. गाडीला ओबीडी सॉकेट (संगणकाची माहिती वाचण्याची जोडणी) असेल तर साध्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली टक्केवारीतील वाढ-घट, पाहावा. गरम इंजिनावर तो दहा टक्क्यांच्या पुढे टिकून राहिला, तर हवेची गळती, इंजेक्टर, इंधनदाब किंवा सेन्सर यांपैकी कशात तरी दोष आहे. बदली सेन्सर मूळ कनेक्टर असलेला घ्यावा. वायर कापून जोडायच्या ‘युनिव्हर्सल’ सेन्सरमध्ये वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, आणि या प्रकारच्या सेन्सरला तुलनेची हवा वायरींमधूनच मिळत असल्याने जोडावर डाग देण्याची चूक महागात पडते.