वाचकांचे प्रश्न : पहिल्या बर्फातील एल्कचा माग

प्रश्न : माझा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. यंदा रायफलच्या हंगामात तो मित्रांबरोबर प्रथमच एल्कच्या शिकारीला जाणार आहे. तिकडे ऑक्टोबरातच बर्फ पडला असून, आता कळप आपोआप दरीत उतरतील, तेव्हा खालीच दबा धरून बसावे, असे मित्रांचे म्हणणे आहे. माझे आजोबा संस्थानी काळात दाजीपूरच्या रानात माग काढण्याचे काम करीत. त्यांच्या तोंडून जे ऐकले, त्यावरून मला हे पटत नाही. खरे काय? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. एल्क हा आपल्या राधानगरीच्या रानातील सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. हिवाळ्यासाठी त्याच्या अंगावर दाट केस येतात आणि वीतभर बर्फ असला तरी तो खुरांनी उकरून खालचे गवत खातो. बर्फ साधारण दीड फुटाच्या वर गेला किंवा त्यावर कडक पापुद्रा धरला, की मग मात्र कळप खाली सरकू लागतात. पहिल्या हलक्या बर्फावर विसंबून दरीत बसणारा शिकारी बहुधा रिकाम्या हातानेच परततो.

त्यातही नर आणि माद्या यांचे वागणे वेगळे असते. माद्या व पिल्ले मोठ्या कळपाने राहतात आणि आधी हलतात. सप्टेंबरातील माजाच्या काळात झुंजून खंगलेले मोठे नर मात्र एकेकटे किंवा दोघे-तिघे मिळून, उंचावरच्या गर्द सूचिपर्णी झाडीत, जवळ थोडे गवत आणि माणसाचा वावर नाही अशा जागी अंग धरत असतात. शिवाय बर्फापेक्षा बंदुकांचे आवाजच त्यांना अधिक हलवतात, म्हणून रस्त्यापासून दूरचे, चढायला अवघड असे कोपरे नकाशावर आधीच हेरून ठेवावेत.

वादळ चालू असताना जनावरे झाडीत बसून राहतात आणि आभाळ निवळले की भुकेपोटी उघड्यावर येतात. अशा सकाळी दक्षिणेकडे तोंड असलेले, ऊन लागणारे उतार आणि वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या डोंगरधारा समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने सावकाश न्याहाळाव्यात. झाडीत अख्खे जनावर क्वचितच दिसते. उभ्या खोडांमधली पाठीची आडवी रेघ किंवा शेपटीभोवतीच्या पुठ्ठ्याचा फिकट पिवळसर डाग शोधावा.

बर्फाचा खरा लाभ मागासाठी आहे. एल्कचा खूर सुमारे चार इंच लांब व गोलसर उमटतो. तिथल्या म्यूल हरणाचा त्याहून लहान आणि टोकदार. ठशाची कड बोटाने दाबून पाहावी : ती भुसभुशीत असेल तर माग ताजा, रात्रभर गोठून कडक झाली असेल तर शिळा. बसल्या जागी अंगाच्या उबेने बर्फ वितळून लांबट खळगा पडतो. त्याच्या तळाशी कडक बर्फ धरला असेल, तर जनावर उठून बराच वेळ झाला. ठसे सरळ रेषेत, एकामागे एक, दूरवर जात असतील तर तो माग माझ्या मते सोडून द्यावा. ते इकडेतिकडे रेंगाळू लागले, मध्ये गवत उकरलेले दिसले, की जनावर जवळपासच चरते आहे किंवा बसले आहे असे समजावे. तेव्हा मागावरून न चालता वाऱ्याचा अंदाज घेऊन वळसा घालावा, कारण एल्कचे नाक फार तिखट असते. निवळलेल्या दिवशी ऊन चढले की डोंगरावरची हवा वर सरकते आणि संध्याकाळी खाली उतरते. आपल्या आजोबांनीही वाऱ्याचे हेच पथ्य सांगितले असणार.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे परवान्यासाठी शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, तसेच रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे कायद्याला मान्य नाही. त्यामुळे एवढे मोठे धूड गाडीपर्यंत कसे आणायचे, हे गोळी झाडण्यापूर्वीच ठरवावे, आणि दुपार कलल्यावर नवा माग धरून अनोळखी दरीत उतरू नये, हे मुलाला आवर्जून सांगा.