भाकरी सोडली, पण मूत्रपिंडाचं काय?

प्रश्न : ताई, वय ५६, वजन ७० किलो, मधुमेहाला १२ वर्षं झाली. तीन महिन्यांपासून भात-भाकरी बंद. रोज ६ अंडी, २०० ग्रॅम पनीर आणि प्रोटीन पावडरचा डब्यातला एक मोठा चमचा (स्कूप). एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९ वरून ७.१ झालं. पण क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) १.६ आणि लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आलंय. आहार चालू ठेवू का? – वाचक, सांगली

उत्तर : दादा, साखर उतरवलीत, ती मेहनत खरी आहे. पण हिशोब करून पाहिला आणि काळजी वाटली. अंड्यांतून ३६ ग्रॅम प्रथिनं, पनीरमधून तेवढीच, पावडरमधून साधारण २४. झाली ९६, भाज्या-दाणे वेगळेच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६ पुरेत.

तुमच्या क्रिएटिनिनवरून गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ५० च्या आसपास, म्हणजे कमी निघते. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. पावडर आजच बंद. अंडी दोन, पनीर ५० ग्रॅम, शिवाय वाटीभर वरण. ज्वारीची एक भाकरी परत ताटात येऊ द्या. कर्बोदकं कमी ठेवायची तर ठेवा, पण त्यांची जागा प्रथिनांनी भरू नका. शेंगदाण्याचं थोडं तेल चालेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही : मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या? डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर कर्बोदकं फार तोडल्यावर रक्तात आम्ल साचू शकतं, साखर फारशी वाढलेली नसतानाही. मळमळ, धाप, पोटदुखी झाली तर थेट दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइड असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती. माझ्या वडिलांना मी डायलिसिसच्या खुर्चीत पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगते : याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.