एकाच आठवड्यातले दोन नकार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल शनिवारी रात्री वाचला. फौंड्रीतल्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या, वाळूची ओल मोजणारे तुमचे यंत्र घेऊन तू दोन दारे ठोठावलीस. सोमवारी नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या मुंबईच्या फंडाने सांगितले की तुमचा बाजार लहान आहे. गुरुवारी पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या टेक्नॉलॉजी प्रमुखांनी सांगितले की तुम्हीच फार लहान आहात. खाली तू लिहिले आहेस, "काका, आमचं यंत्र चांगलं आहे की नाही, हे दोघांपैकी एकानेही नीट विचारलं नाही." त्या वाक्यात राग आहे आणि तो मला समजतो. पण ते दोघे काय जोखत होते ते तुला कळले, तर रागाची जागा कामाला मिळेल.

मी या दोन्ही खुर्च्यांवर बसलो आहे. नोकरीची बहुतेक वर्षे कारखान्यांचे संगणक आणि सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेली. बाहेरच्या छोट्या कंपन्यांचा माल घ्यायचा की नाही, यावर सही माझी असायची. निवृत्तीनंतर आम्ही काही जण मिळून नव्या कंपन्यांत थोडेथोडे पैसे घालतो. खुर्ची बदलली तेव्हा जाणवले की समोरचा माणूस तोच, डेक (कंपनीची माहिती मांडणारे सादरीकरण) तोच, पण माझ्या डोक्यातला प्रश्न पार वेगळा आहे. गुंतवणूकदार म्हणून मी विचारतो, "सगळं जमून आलं तर हे किती मोठं होईल?" सही करणारा अधिकारी म्हणून विचारायचो, "हे बंद पडलं तर माझं काय काय बंद पडेल?"

आधी फंडाचे बघू. समजा, ४०० कोटींचा फंड आहे. तो पैसा फंड चालवणाऱ्यांचा नसतो. तो दुसऱ्यांकडून घेतलेला असतो आणि साधारण १० वर्षांत वाढवून परत द्यायचा असतो. तिप्पट करायचा, तर १२०० कोटी हवेत. पैसे २५ कंपन्यांत वाटले. त्यांतल्या निम्म्या बुडतील, काही जेमतेम मुद्दल देतील, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणजे उरलेल्यांतल्या एकदोन कंपन्यांनी प्रत्येकी सबंध फंडाएवढी रक्कम मिळवून द्यायला हवी. शेवटी हातात दहा टक्के हिस्सा राहिला असेल, तर त्या हिश्श्याचे ४०० कोटी व्हायला कंपनीची किंमत ४००० कोटी व्हावी लागते. आता कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातल्या सगळ्या फौंड्र्यांनी तुझे यंत्र घेतले असे धरून हिशेब कर. धंदा उत्तम होईल, पण तो आकडा येणार नाही. "बाजार लहान आहे" याचा अर्थ एवढाच होता.

हे गणित जुनेच आहे. अशा फंडांच्या व्यवसायाच्या आरंभीची एक संस्था, अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट, १९४६मध्ये बोस्टनला निघाली. तिने १९५७मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्यांचे पुढे कोट्यवधी डॉलर झाले आणि बाकीच्या सगळ्या गुंतवणुकी त्यापुढे फिक्या पडल्या. तेव्हापासून प्रत्येक फंड तशी एक कंपनी शोधत असतो. तू ती नसशील तर त्यात कमीपणा नाही. तुझ्या धंद्याला बँक, एखादा कास्टिंग (ओतीव भाग) घेणारा मोठा कारखानदार किंवा आमच्यासारखे छोटे गुंतवणूकदार जास्त मानवतील. पण हे तुलाच ठरवावे लागेल. वाळूची ओल मोजणाऱ्या यंत्रावर थांबायचे, की फौंड्रीतल्या प्रत्येक बिघाडाचा आगाऊ अंदाज देणारी कंपनी व्हायचे? दुसरी वाट खरोखर मनात असेल तरच फंडाकडे परत जा. त्यांना आवडते म्हणून डेकमध्ये मोठा आकडा टाकू नकोस.

आता गुरुवारची बैठक. ती मला जास्त जवळची आहे, कारण त्या गृहस्थांची भीती मी भोगली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीचे सॉफ्टवेअर मी आमच्या शॉप फ्लोअरवर घेतले. माल झकास होता. डेमो पाहून मीच भारावून गेलो आणि पर्चेसवाल्यांशी भांडून पीओ (खरेदीची ऑर्डर) काढून घेतली. वर्षभर उत्तम चालले. मग ते ज्याने लिहिले होते तो एकुलता एक मुलगा नोकरी सोडून गेला. पुढच्याच महिन्यात आमचा सर्व्हर बदलला आणि सगळे ठप्प झाले. तिसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर कितीतरी दिवस कागदावर नोंदी घेत होते आणि जाता-येता माझ्याकडे बघत होते. ती नजर मी विसरलेलो नाही. त्या कंपनीचा दोष होता, पण माझा मोठा होता. "हा कोड आणखी कोणाला येतो?" हे मी विचारलेच नव्हते.

त्यामुळे तुझ्याकडे तीन वर्षांचे ताळेबंद, माणसांची संख्या, डेटा कुठे ठेवता, अशी चौकशी झाली ती तुला तुच्छतेची वाटली, तरी तशी ती नव्हती. मोठ्यातल्या मोठ्या कंपन्याही हेच करतात. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलची ८०८८ चिप होती. इंटेल तेव्हा काही नवखी नव्हती, तरी आयबीएमचा आग्रह होता की ही चिप बनवणारा दुसरा पुरवठादारही हवा. १९८२मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपलीच रचना प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने सुमारे २५ कोटी डॉलर देऊन इंटेलचा १२ टक्के हिस्सा घ्यायचे ठरवले. ज्याच्यावर आपले उत्पादन उभे आहे तो डळमळू नये, म्हणून त्याच्या पाठीशी पैसा उभा केला. चिप चांगली आहे हे आयबीएमच्या इंजिनिअरांना आधीच पटले होते. पुढची सगळी खटपट "उद्या ही मिळाली नाही तर?" यासाठी होती.

तुझ्याकडे याचे उत्तर आहे, पण ते तू मांडले नाहीस. तुझा सेन्सर उद्या बंद पडला तर फौंड्री थांबत नाही. साचे बनवणारा मोल्डर पूर्वीसारखी वाळू मुठीत दाबून ओल बघेल आणि काम चालू राहील. हे पहिल्याच पानावर यायला हवे होते. सोर्स कोडची (मूळ प्रोग्रॅमची) प्रत तिसऱ्या, दोघांना मान्य असलेल्या ठिकाणी ठेवायची तयारी दाखव. डेटा त्यांच्याच आवारातल्या सर्व्हरवर राहील असे लिहून दे. आणि तुझ्याशिवाय हे यंत्र उघडून दुरुस्त करू शकणारा दुसरा माणूस तयार कर. हे शेवटचे सगळ्यात आधी.

पायलटबद्दल, म्हणजे खरेदीआधी करून बघायच्या चाचणीबद्दल, एक ताकीद. "करून बघू, फुकटात लावा" असे कोणी म्हटले की तू हरखून जातेस. लावण्याआधी चार गोष्टी कागदावर घे: किती दिवस, कोणता आकडा किती सुधारला म्हणजे जमले, तो कोण मोजणार, आणि जमले तर पैसे कोणाच्या बजेटमधून येणार. चौथ्याचे उत्तर मिळत नसेल तर समोरच्याला उत्सुकता आहे, गरज नाही. अशा पायलटमध्ये वर्ष निघून गेलेली मुले मी पाहिली आहेत.

आता ज्यासाठी एवढे लिहायला बसलो ते सांगतो.

१९७६ सालची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत बॉब स्वॉन्सन नावाचा तिशीच्या आतला तरुण होता. क्लायनर पर्किन्स या व्हेंचर कंपनीतली त्याची नोकरी नुकतीच संपली होती. जिवाणूत माणसाचा जीन घालून औषध बनवता येईल, या कल्पनेने त्याला झपाटले होते. त्याने हर्बर्ट बोयर या शास्त्रज्ञाला गाठले, थोडा वेळ मागितला, आणि बोलणे तासन्‌तास चालले. दोघांनी जेनेन्टेक काढली. पैशांसाठी स्वॉन्सन जुन्या मालकांकडेच, टॉम पर्किन्सकडे गेला. पर्किन्स इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस. जीवशास्त्र त्याला कळत नव्हते आणि हे होईल की नाही, हे जगात कोणालाच माहीत नव्हते. स्वॉन्सनला स्वतःची प्रयोगशाळा उभारायची होती, माणसे घ्यायची होती.

पर्किन्सने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याने विचारले की यात सगळ्यात धगधगती शंका कोणती? इमारत बांधता येईल का ही नव्हे, माणसे मिळतील का ही नव्हे. जिवाणू माणसाचे प्रथिन बनवेल का, ही. मग तेवढीच शंका आधी मिटवा. प्रयोगशाळा बांधू नका, ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून काम करून घ्या. त्याने एक लाख डॉलर दिले आणि सुमारे चौथा हिस्सा घेतला. काम बोयरच्या विद्यापीठात आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडच्या सिटी ऑफ होप या वैद्यकीय केंद्रात चालले.

खरे ध्येय इन्सुलिनचे होते, पण त्यात ५१ अमिनो आम्ले (प्रथिनाच्या साखळीतले दुवे). शास्त्रज्ञांनी आधी सोमॅटोस्टॅटिन हे छोटे हॉर्मोन घ्यायचे ठरवले, कारण त्यात फक्त १४. १९७७च्या उन्हाळ्यात पहिला प्रयोग साफ फसला. जिवाणू ते इवलेसे प्रथिन बनताच फस्त करत होते. मग ते एका मोठ्या प्रथिनाला जोडून लपवले आणि काही आठवड्यांत हाती आले. पुढच्या वर्षी, १९७८मध्ये, इन्सुलिन झाले. एक शंका मिटली की कंपनीची किंमत वाढायची आणि पुढचे पैसे त्या वाढलेल्या किमतीला मिळायचे. ऑक्टोबर १९८०मध्ये शेअर ३५ डॉलरला बाजारात आला आणि त्याच दिवशी ८०च्या वर गेला.

मी ही हकीकत अनेकांना सांगतो, कारण जोखणे म्हणजे काय ते यात दिसते. चांगला गुंतवणूकदार निकाल देत नाही. तो शंकांना नावे देतो आणि कोणती शंका किती पैशांत मिटेल हे बघतो. तुझ्या डेकमध्ये तू दोन कोटी मागितलेस. त्यांत पुण्यातले ऑफिस, विक्रीची चार माणसे आणि नवी केसिंग डिझाइन. यांपैकी कशानेही तुझी धगधगती शंका मिटत नाही. ती शंका अशी: कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीच्या वाळूवर शिकलेले तुझे गणित दुसऱ्या फौंड्रीत चालेल का? बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) वेगळे, कोळशाची भुकटी वेगळी, वाळू गार व्हायला मिळणारा वेळ वेगळा. आणि जुलैत, पावसात, काय होईल? तुझ्याकडे फक्त उन्हाळ्याच्या नोंदी आहेत. तीन फौंड्र्या, एक पावसाळा, आणि दर शिफ्टला प्रयोगशाळेतल्या चाचणीशी ताडून पाहिलेले वाचन. याला दोन कोटी लागत नाहीत. किती लागतात ते मला काढून दाखव.

ताडून पाहणे टाळले की काय होते, हे थेरानोसने जगाला दाखवले. बोटाच्या टोकावरच्या चार थेंबांत ढीगभर रक्तचाचण्या करू म्हणणाऱ्या त्या कंपनीची किंमत २०१४मध्ये ९ अब्ज डॉलर लावली होती. तिच्या संचालकांत अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री होते. ऑक्टोबर २०१५मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने उघड केले की बऱ्याचशा चाचण्या दुसऱ्यांच्या, नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. तेच रक्त दोन यंत्रांवर शेजारीशेजारी तपासून बघू, एवढा हट्ट पैसे देणाऱ्यांनी शेवटपर्यंत धरला असता तर प्रकरण लवकर संपले असते. कोणी तुझ्याकडे असा हट्ट धरला तर वाईट वाटून घेऊ नकोस. मागायच्या आधीच तू ते पुढे ठेव.

तू आणखी एक विचारलेस, "चुकलेलं वाचन दाखवावं का?" एनव्हिडिया या चिप कंपनीच्या जेन्सन हुआंग यांनी मे २०२३मध्ये तैवान विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात आपल्याच कंपनीचा प्रसंग सांगितला होता. एनव्हिडिया तेव्हा दोन-तीन वर्षांची होती आणि सेगाच्या गेम कन्सोलसाठी चिप बनवत होती. काम निम्म्यावर आले तेव्हा लक्षात आले की आपली पद्धतच चुकली आहे, जग दुसऱ्या वाटेने गेले आहे. हुआंग सेगाचे वरिष्ठ अधिकारी इरिमाजिरी यांच्याकडे गेले आणि सरळ म्हणाले, तुम्ही दुसरा जोडीदार शोधा, पण ठरलेले पैसे आम्हाला मिळाले नाहीत तर आम्ही बुडू. इरिमाजिरींनी ते दिले. त्या सहा महिन्यांच्या श्वासावर १९९७ची रिव्हा १२८ ही चिप उभी राहिली. माल फसलेला होता, हे इरिमाजिरींना दिसत होते. त्यांनी समोरच्या माणसाला जोखले. मी सही करायचो तेव्हा माझ्याही मनात हेच असायचे की बिघडल्यावर हा माणूस फोन उचलेल का?

रविवारी सकाळी घरी ये. डेक आणू नकोस, ते मी पाहिले आहे. शिरोलीच्या चाचणीचे मूळ रजिस्टर आण, ज्यात सुपरवायझरने लाल पेनाने "मीटर चुकले" असे लिहिले आहे, ती पाने आधी बघू. बाबांनाही घेऊन ये. त्यांनी तीस वर्षे ती वाळू मुठीत दाबली आहे, आणि पावसाळ्यात ती काय खेळ करते ते तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

तुझा,
काका