वाचकांचे प्रश्न : नोकरीच्या गोष्टी इंग्रजीत सांगताना

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नोकरी, पगार आणि कामाची जागा यांविषयी इंग्रजीत बोलताना येणाऱ्या अडचणींची आहेत. त्यांतील चार पत्रे निवडून येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांनी याच स्वरूपाचे प्रश्न विचारले आहेत, त्यांनी हीच उत्तरे आपल्यासाठी समजावीत.

प्रश्न : डिप्लोमा झाल्यापासून दोन वर्षे मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहे. नव्या कंपनीच्या मुलाखतीत ‘व्हॉट डू यू डू?’ असे विचारले गेले. ‘आय ॲम डुइंग जॉब इन फाउंड्री सिन्स टू इयर्स’ हे माझे उत्तर मलाच समाधानकारक वाटले नाही. शब्द येतात, पण वाक्य बसत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडे शब्द पुरेसे आहेत, त्यांच्याबरोबर कोणते शब्द यावेत, एवढेच पाहायचे आहे. या प्रश्नात आपला व्यवसाय विचारला जातो, म्हणून उत्तर ‘आय वर्क’ने सुरू करावे. मराठीत ‘कंपनीत’, ‘क्वालिटीत’, ‘शिरोलीत’ हे सारे एका ‘त’ने भागते, त्यामुळे इंग्रजीतही आपण सगळीकडे ‘इन’ लावत जातो. इंग्रजी मात्र येथे वेगवेगळी शब्दयोगी अव्यये वापरते. आपण ज्या मालकाकडे किंवा कंपनीकडे नोकरी करतो त्यांच्यासाठी ‘फॉर’, विशिष्ट ठिकाणासाठी ‘ॲट’, विभाग किंवा क्षेत्रासाठी ‘इन’ आणि आपल्या हुद्द्यासाठी ‘ॲज’ येते. ‘आय वर्क ॲज अ क्वालिटी इन्स्पेक्टर इन अ फाउंड्री’ असे म्हटले की पहिला प्रश्न पुरा झाला. पुढचे वाक्य आपण प्रत्यक्ष काय करता ते सांगणारे असावे, कारण मुलाखत घेणाऱ्याला खरी माहिती त्यातूनच मिळते. ‘आय चेक द कास्टिंग्ज फॉर क्रॅक्स अँड ब्लोहोल्स, अँड आय रिपोर्ट टू द प्रॉडक्शन मॅनेजर’ या साध्या वाक्याला मी पाठ केलेल्या चार भारदस्त वाक्यांपेक्षा अधिक मोल देईन.

‘सिन्स टू इयर्स’ ही चूक ‘दोन वर्षांपासून’ या मराठी रचनेतून येते. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण हवा, म्हणजे ‘सिन्स जून’ किंवा ‘सिन्स 2023’. कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर टू इयर्स’. क्रियापदही सांभाळावे लागते. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ म्हणजे आपण अजून तेथेच आहात, आणि ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणजे ती नोकरी सुटली आहे. एका क्रियापदाने मुलाखतीत असा गैरसमज झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

‘जॉब’ मोजता येतो, ‘वर्क’ मोजता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. ‘मला एक काम आहे’ याचे ‘आय हॅव अ वर्क’ होत नाही; ‘आय हॅव सम वर्क टू डू’ म्हणावे. ‘स्टाफ’ हा शब्दही समूहवाचक आहे, त्यामुळे एका माणसाला ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’ म्हणतात.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या कारखान्यात सुटे भाग न आल्यामुळे दहा दिवसांच्या ‘ले-ऑफ’ची नोटीस लागली. आयटी कंपनीत असलेला मुलगा म्हणतो की ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली. मँचेस्टरला असलेले माझे दीर गेल्या वर्षी ‘रिडंडंट’ झाले होते. हे सारे एकच आहे का? घरात काळजीचे वातावरण आहे. (एक वाचक भगिनी, चिंचवड)

उत्तर : आपल्या यजमानांची नोकरी या नोटिशीने गेलेली नाही, हे सर्वप्रथम सांगतो. मुलगाही चुकीचे बोलत नाही. तो त्याच्या क्षेत्रातला अर्थ सांगतो आहे. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला जातो, आणि हा फरक घराघरांत माहीत असायला हवा असे मला कळकळीने वाटते.

भारतीय कामगार कायद्यात ‘ले-ऑफ’ ही तात्पुरती स्थिती आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने तिची व्याख्या केली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती त्याच आशयाने आली आहे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा साठा तुंबणे, यंत्रातील बिघाड किंवा नैसर्गिक आपत्ती अशा कारणांनी मालक मस्टरवर नाव असलेल्या कामगाराला काम देऊ शकत नाही, तेव्हा ‘ले-ऑफ’ म्हणतात. नाव मस्टरवर कायम राहते, आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्या रकमेएवढी भरपाई मिळते. आपल्या यजमानांना ती लागू आहे का, हे युनियनच्या प्रतिनिधीकडे किंवा कामगार आयुक्त कार्यालयात विचारावे.

कामगार कायमचा कमी केला जातो, तेव्हा कायद्यातला शब्द ‘रिट्रेंचमेंट’ असा आहे, म्हणजे कपात. त्यासाठी पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई असे नियम आहेत. कारखान्याच्या फलकावर ‘ले-ऑफ’ऐवजी ‘रिट्रेंचमेंट’ दिसले, तर तो काळजीचा विषय ठरेल.

अमेरिकेतही ‘ले-ऑफ’ पूर्वी मुख्यतः हंगामी कामबंदीसाठीच वापरला जाई. मागणी वाढली की कामगारांना परत बोलावले जाई. पुढे तो कायमच्या कपातीसाठी रूढ झाला, आणि अमेरिकी कंपन्यांच्या बातम्यांबरोबर आपल्या आयटी क्षेत्रात आला तो हाच अर्थ. आपल्या मुलाने ऐकलेला अर्थ हा आहे.

ब्रिटनमध्ये त्याच प्रसंगाला ‘मेड रिडंडंट’ म्हणतात. ते पदच आता आवश्यक राहिले नाही, असा त्याचा आशय असतो. त्यात माणसाच्या कामावर ठपका नसतो. सलग दोन वर्षे नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला तेथे कायद्याने ठरवलेली भरपाईही मिळते. म्हणून आपल्या दिरांनी पुढच्या मुलाखतीत ‘आय वॉज मेड रिडंडंट’ असे सरळ सांगावे. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. ‘आय वॉज सॅक्ड’ किंवा ‘आय वॉज फायर्ड’ असे मात्र चुकूनही म्हणू नये, कारण हे शब्द ऐकणारा बहुधा गैरवर्तन किंवा कामातील कुचराई गृहीत धरतो. ‘डिसमिस्ड’ म्हणजे नोकरीवरून काढलेला, आपल्या सरकारी भाषेत बडतर्फ. ‘सस्पेंडेड’ म्हणजे निलंबित, ज्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. स्वतः नोकरी सोडणाऱ्यासाठी ‘रिझाइन’ पुरेसा आहे. ‘पुट डाउन माय पेपर्स’ हा प्रयोग भारतीय कार्यालयांत सर्रास चालतो, पण परदेशी माणसाला तो समजेलच असे नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीत परिचारिका आहे आणि लवकरच इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयात रुजू होणार आहे. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. तरीही तेथे गेल्यावर कामाच्या बोलण्यात कोठे अडखळेन? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपले अभिनंदन. परीक्षेत जे येत नाही, तेच वॉर्डात आधी कानावर पडेल. पहिली गोष्ट ‘सिस्टर’. आपल्याकडे प्रत्येक परिचारिकेला रुग्ण आदराने सिस्टर म्हणतात. तेथे ‘वॉर्ड सिस्टर’ हे वॉर्ड चालवणाऱ्या वरिष्ठ परिचारिकेचे पद आहे. आपण ‘स्टाफ नर्स’ असाल, नव्या नोंदणीकृत परिचारिकेची वेतनश्रेणी साधारणपणे ‘बँड फाइव्ह’ असते, आणि सहकारी आपल्याला नावाने हाक मारतील. नावाने हाक मारण्यात अनादर नाही, हे मनाशी पक्के करून जावे.

‘ओटी’ म्हणजे आपल्याकडे ऑपरेशन थिएटर. तेथे ‘ओटी’ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अर्थात आजारानंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या जागेला नुसते ‘थिएटर’ म्हणतात. हा गोंधळ रुग्णाच्या बाबतीत महागात पडू शकतो, म्हणून तो आजच दूर करावा. ‘ऑफ-ड्यूटी’ हा शब्द तेथील परिचारिका कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यासाठीही वापरतात. ‘हॅव यू सीन द ऑफ-ड्यूटी?’ म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक पाहिले का. ‘नाइट ड्यूटी’ समजेल, पण ‘आय ॲम ऑन नाइट्स’ अधिक ऐकू येईल. ‘लाँग डे’ म्हणजे सुमारे बारा तासांची दिवसपाळी. ‘बँक शिफ्ट’चा पैशाच्या बँकेशी संबंध नाही, गरजेनुसार जादा पाळी करणाऱ्यांची जी यादी रुग्णालय ठेवते, तिला ‘बँक’ म्हणतात.

स्वतःविषयी सांगताना ‘आय पास्ड आउट इन 2018’ म्हणू नये. तेथे त्याचा अर्थ ‘मी बेशुद्ध पडले’ असा घेतला जाईल. ‘आय क्वालिफाइड इन 2018’ म्हणावे. ‘फ्रेशर’ हा शब्द मुंबईपासून चेन्नईपर्यंत नवोदित उमेदवारासाठी बिनदिक्कत चालतो आणि येथे तो योग्यच आहे. इंग्लंडमध्ये मात्र फ्रेशर म्हणजे विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. ‘कॅज्युअल लीव्ह’ हा प्रकार आपल्या नियमांतला. तेथे ‘ॲन्युअल लीव्ह’ मागावी, आणि आजारी असल्यास वेळेत फोन करून कळवावे, ज्याला ‘कॉलिंग इन सिक’ म्हणतात. ‘एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट’ बरोबर अवश्य ठेवावे, पण नवीन रुग्णालय बहुधा आपल्या जुन्या वरिष्ठांकडून थेट ‘रेफरन्स’ मागवते, म्हणून त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

प्रश्न : ‘सॅलरी’, ‘वेजेस’ आणि ‘पे’ यांत फरक काय? परदेशी कंपनीशी पगाराची बोलणी करताना कोणते शब्द टाळावेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने ठरलेला पगार ती ‘सॅलरी’, तासावर, रोजावर किंवा आठवड्यावर मिळते ती मजुरी म्हणजे ‘वेजेस’, ‘पे’ दोहोंना चालतो. ‘सीटीसी’ (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे कर्मचाऱ्यामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च) आणि ‘इन-हँड’ (प्रत्यक्ष हातात येणारा पगार) हे शब्द भारताबाहेर जपून वापरावेत. आपल्याकडील सीटीसीमध्ये भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते, त्यामुळे तो आकडा परदेशी पगाराशी जसाच्या तसा ताडून पाहू नये. ‘ग्रॅच्युइटी’ची चौकशी तेथे केल्यास समोरचा बुचकळ्यात पडेल, कारण 1972 च्या कायद्यामुळे आपल्याला परिचित झालेला अर्थ त्याच्या मनात येणार नाही, त्याला हॉटेलातली बक्षिशी आठवेल. ‘इन्क्रिमेंट’ऐवजी ब्रिटनमध्ये ‘पे राइज’ आणि अमेरिकेत ‘रेज’ म्हणावे. लाखांतले आकडे सांगू नयेत, पूर्ण रक्कम हजारांत सांगावी. आणि त्यांनी आकडा सांगितला की ‘इज दॅट ग्रॉस ऑर नेट?’ असे विचारून कर वजा होण्यापूर्वीची रक्कम की नंतरची, याची खात्री होकार देण्याआधीच करून घ्यावी.